मांडीचं माप

३ मार्च, सोमवार
वजन दोन किलोनं वाढलं! ही इतकी खूश, की वजनकाट्याला मिठी मारायचीच बाकी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि हवाच काढली— "हे पोटातलं पाणी आहे काका, अंग नाही."

यकृताचा कॅन्सर पुढे गेलाय हे ठाऊकच होतं. नवीन कळलं ते एवढं— स्नायू टिकले तर औषध सोसेल, औषध सोसलं तर दिवस वाढतील. वजनावर जाऊ नका, मांडी बघा म्हणाल्या.

चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं घेतली, आता गिऱ्हाईक मीच. मांडी साडेसतरा इंच.

४ मार्च
हुकूम निघाला: दोन्ही वेळा अंडी, आणि हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायचं. ही समोर बसून मोजते. सातनंतर आठ म्हणायला इतका वेळ लावते, की मी आपला अधांतरी. "अहो, टेकलात तुम्ही. हा धरायचा नाही." शाळेतल्या बाई परवडल्या.

९ मार्च, रविवार
आज सहाच झाले. चिडून ताट सरकवलं. मग तिचं तोंड बघितलं आणि दोन्ही अंडी मुकाट गिळली. मला अजून जायचं नाहीये.

१६ मार्च
राखाडी पँट मांडीत ढगळ झाली होती, आज चक्क नीट बसली. अंग भरलं की काय! उलटी करून पाहिली. शिवणीच्या आत नवे हातटाके— एक लांब, एक आखूड, लंगडत गेल्यासारखे. जन्मभर शिंप्याशी संसार करून या बाईला सरळ टाका येत नाही, आणि निघाली शिंप्यालाच फसवायला. हसू आवरेना. मग रडू आलं. पँट सुलटी करून होती तशी ठेवली.

२ एप्रिल
खुर्चीतून पूर्ण दहा! मांडी सतरावर थांबलीय, औषध चालू आहे. ही येता-जाता पँटकडे बघते. "बघा, तशीच बसतेय. ढिली नाही झाली." तिची सगळी भिस्त आता त्या पँटवर आहे. जेवतेही पोटभर.

२३ एप्रिल
मांडी सोळा. डॉक्टरीणबाईंना खरं सांगेन. ही भाजी आणायला गेली तेव्हा पँट उसवली, अर्धा इंच आत घेतली. टाके तिच्यासारखेच घातले. इतकं वाकडं शिवणं फार अवघड गेलं.