मंगळाचे तीन फोटो आणि चंपावन्संच्या पाटल्या

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

गेल्या महिन्यात घरात आले ते असे. मंगळ ग्रहाचे तीन मोठे फोटो, नात स्वराली हिच्याकडून, अहमदाबादहून, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात. खर्च तिचा; आकडा विचारला तर सांगत नाही. त्यातल्या एकाला चौकट, रुपये सहाशे वीस, घासाघीस करून. खिळा घरातलाच जुना, रुपये शून्य. हे मृत्युपत्र त्या चौकटीमुळे लिहिले जात आहे, म्हणून आधी तिची नोंद.

मी, वासंती श्रीनिवास आगटे, वय वर्षे बहात्तर, शिक्षण जुनी मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, राहणार नारायण पेठ, पुणे, हे राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. मला रक्तदाब आहे, मधुमेह नाही, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. त्यात त्यांनी 'स्मरणशक्ती उत्तम' असे लिहिले आहे. घरच्यांची त्याबद्दल तक्रारच आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. नारायण पेठेतील दुसऱ्या मजल्यावरील राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझ्यामागे मुलगा आमोद आणि सून सुरुची यांना निम्मा निम्मा द्यावा. सुरुचीचे नाव मेहेरबानी म्हणून घातलेले नाही. तिने या घरात पंचवीस वर्षे कामही केले आणि माझे बोलणेही ऐकून घेतले. सोसायटीच्या चेअरमननी जिन्याखालची जागा आपली असल्याचे पुन्हा सांगितले, तर आमोदने १९९१ ची पावती दाखवावी. ती देवघराच्या खणात आहे. आवाज चढवू नये, पावतीच पुरते.

कलम दुसरे. पोस्टातील सर्व ठेवी स्वरालीला द्याव्यात. त्या तिच्या शिक्षणासाठी आहेत. 'लग्नासाठी' असे मी आधी लिहिले होते, ते खोडले.

कलम तिसरे लांब आहे. वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावे.

स्वयंपाकघरातील पाटा-वरवंटा स्वरालीला द्यावा. कारण सांगायचे तर माझ्या लग्नापासून सुरुवात करावी लागते.

माझ्या जन्मपत्रिकेत मंगळ आठव्या घरात आहे. स्वरालीच्या वयाच्या लोकांसाठी लिहिते की, अशा मुलीचा नवरा लवकर जातो असे मानत आणि तिला स्थळ मिळत नसे. माझ्या वडिलांनी, कै. दिगंबर यांनी, माझी जन्मवेळ चाळीस मिनिटे आधीची लिहिली. सकाळी सव्वासहाची पाच पस्तीस केली. तेवढ्याने मंगळ नवव्या घरात गेला आणि निरुपद्रवी झाला. मला हे लग्नाआधी माहीत होते. मी गप्प बसले, कारण मी ह्यांना पाहिले होते आणि हे मला आवडले होते.

बोलणी करायला ह्यांच्या थोरल्या बहीण चंपावन्सं आल्या होत्या. त्यांना पत्रिका जरा जास्तच स्वच्छ वाटली. त्यांनी माझ्या आईला विचारले, "वासंती झाली तेव्हा दूधवाला येऊन गेला होता का?" आमच्याकडे दूधवाला सहाच्या ठोक्याला येई, हे त्यांनी शेजारी आधीच विचारून ठेवले होते. आई म्हणाली, यायचा होता. लग्न झाले.

बेचाळीस वर्षे संसार झाला. २०१६ साली हे हृदयविकाराने गेले, सहासष्टाव्या वर्षी, मंडईतून भाजी घेऊन जिना चढताना. तेराव्याला पाने मांडली होती. चंपावन्सं माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वासंती, दूधवाला येऊन गेला होता ना गं?"

मी पुढच्या पानाला मीठ वाढायला वळले. त्या न जेवता कात्रजला आपल्या घरी गेल्या. तेव्हापासून नऊ वर्षे आमचे बोलणे नाही.

नऊ वर्षे मी मंगळवार निर्जळी केले. एकदा मंगळाची शांत करून घेतली. आमोदला 'घरासाठी' म्हणून सांगितले. खरे कारण असे की, माणूस मी घालवला असे मला वाटत होते, आणि तसे वाटते हे सांगायला ज्यांच्याजवळ जावे तेच नव्हते.

आता फोटो. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने ते वरून काढलेले आहेत. स्वराली तिथल्या ज्वालामुखींचा अभ्यास करते. तिला वाटले, आजी मंगळवार करते, तिला मंगळ आवडत असेल. चौकटवाल्याने फोटो उलटा बसवला. मला त्यात एक भला मोठा खड्डा दिसे, आणि चार दिवस मी त्या खड्ड्याला नमस्कार केला. दिवाळीला स्वराली आली, खूप हसली, चौकट फिरवून लावली. उजेड वरच्या बाजूने आला आणि खड्ड्याचा डोंगर झाला.

तो डोंगर पुण्यापासून जवळजवळ नागपुरापर्यंत पसरेल एवढा रुंद आहे, आणि एकावर एक सतरा सिंहगड रचावे तेवढा उंच. तरी उतार इतका सौम्य की वर चालणाऱ्याला आपण डोंगरावर आहोत हे कळायचेही नाही. असे कसे, मी विचारले. लाव्हा पातळ असतो वगैरे ती सांगू लागली. मी म्हटले, म्हणजे धिरड्याचे पीठ सैल झाले होते. ती म्हणाली, अगदी हेच, आणि वहीत लिहून घेतले. या घरात माझे वाक्य कोणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.

डोंगराच्या माथ्यावर एकात एक घुसलेले सहा खड्डे आहेत. आतला लाव्हा निघून गेला आणि वरचे छत खाली बसले, असे तिने सांगितले. कडेचे कडे कोसळून दरडी लांबवर पसरल्या आहेत. मी भिंग लावून बराच वेळ बघत बसले. ज्याने माझे घर पाडले असे मी समजत होते, त्याच्या स्वतःच्याच घराचे छत बसलेले होते.

मग मी विचारले, दगड कसला? ती म्हणाली, "बेसॉल्ट. आपलाच काळा दगड गं, आजी. तुझा पाटा-वरवंटा आहे ना, त्याच जातीचा."

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाट्यावर हात ठेवून उभी राहिले. पन्नास वर्षे ज्याला भ्याले, त्याच जातीच्या दगडावर मी चटणी वाटत होते.

बाहेर येऊन मी तिला सगळे सांगितले. तिने मंगळाविषयी एक शब्द काढला नाही. विचारले, आजोबांचे वडील कितव्या वर्षी गेले? अठ्ठावन्नाव्या. त्यांचे काका? साठाव्या. कशाने? दोघेही हृदयानेच.

"मग आजोबा दोघांपेक्षा जास्तच जगले की," ती म्हणाली. "तुझ्या हातचं जेवून."

एवढी साधी वजाबाकी मला नऊ वर्षांत सुचली नव्हती. त्या दिवशी मी दुपारी दोन तास झोपले. सुरुची दोनदा येऊन श्वास चालू आहे ना ते पाहून गेली.

देवावरची माझी श्रद्धा गेलेली नाही, गैरसमज नको. मंगळवार चालूच आहे, पण गणपतीचा म्हणून. आणि आता साबुदाण्याची खिचडी खाते, दाण्याचे कूट घालून.

पाटा जड आहे. अहमदाबादला नेण्याचा खर्च ठेवीतून करावा.

कलम चौथे. लग्नात सासूबाईंनी माझ्या हातात घातलेल्या सोन्याच्या दोन पाटल्या चंपावन्संना द्याव्यात. त्या मला खोट्या जन्मवेळेवर मिळाल्या. खरी वेळ सांगितली असती, तर त्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेल्या असत्या.

वन्सं, होय. दूधवाला येऊन गेला होता. आई खोटे बोलली आणि मी ते चालू दिले. हे मी तुम्हाला तेराव्यालाच सांगायला हवे होते. तुमचा भाऊ गेला होता, तुम्हाला विचारण्याचा हक्क होता. पण त्यांना मी घालवले नाही. हे आता मी हात न थरथरता लिहू शकते. अक्षर बघा.

कलम पाचवे. माझ्यामागे कसलीही शांत करू नये. मी मंगळवारी गेले तर त्यावर चर्चा करू नये. तेराव्याला श्रीखंड बाहेरून आणू नये, चक्का टांगावा. चौकट भिंतीवर आहे तशीच राहू द्यावी, सुलट.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमोदने करावी. वरील सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

(सही) वासंती श्रीनिवास आगटे

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. इंद्रजीत घाटपांडे, दाखला देणारे
२. सौ. बिलकिस मुनव्वर शेख, निवृत्त शिक्षिका, खालचा मजला. यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या आहेत.

स्थळ: पुणे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

ता. क. चंपावन्सं, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते हे मला कळते. पण तुम्ही अठ्ठ्याहत्तर, मी बहात्तर, आणि मला उत्तर जिवंतपणी हवे आहे, म्हणून ही नक्कल कात्रजला तुमच्या पत्त्यावर पाठवते. पाटल्या हव्या असतील तर तसे लिहा. आमोद रविवारी आणून देईल आणि माझा काही राग नसेल. नको असतील, त्या वासंतीच्याच आहेत असे तुम्हाला वाटत असेल, तर तेवढी एक ओळ लिहा. मी दोघा साक्षीदारांना पुन्हा बोलावून चौथे कलम रद्द करीन आणि पाटल्या हातात घालीन. फोन करू नये. फोनवर तुम्ही माझी तब्येत विचाराल, मी तुमचे गुडघे विचारीन, आणि हे राहून जाईल. तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे. उलट टपाली कळवावे.