मावेल तेवढंच

सोमवार, ३ जून

आलो एकदाचा! विम्याची जुनी कचेरी, वर राहायला दोन खोल्या, खिडकीत भरपूर ऊन. आई जाम खूश. सामान लावताना तिची टकळी सुरूच: सोन्या, हे इथे ठेव, सोन्या, ते तिथे.

काम सोपं दिसतंय. इथले सगळे संगणक एकाच तारेच्या कड्यात ओवलेत. कड्यात एक टोकन फिरतं. ते ज्याच्याकडे, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत गप्प. माहिती पाकिटांतून जाते, आणि एका पाकिटात किती मावावं ती मर्यादा मी ठरवायची. वर पूर्वी टायपिस्ट बसायचे, म्हणून तार आमच्या खोल्यांतूनही जाते, आईच्या खुर्चीमागून. आई म्हणाली की टोकन तिच्या हातात द्यावं, मग बघू कोण परत मागतंय.

गुरुवार, ६ जून

मोठी पाकिटं वाटेत गडप होतात. खरं तर पाकीट पूर्ण फेरी मारून पाठवणाऱ्याकडे परत यायला हवं. जोडण्या तपासून डोक्याचा भुगा झाला. शेवटी मर्यादा चार हजार बाइटवरून दोन हजारांवर आणली. कडं सुरळीत. साहेबांनी पाठ थोपटली.

बाबा एकदा भलत्याच गाडीत बसले, ती गोष्ट आई सांगत होती. ते गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. ते मला ठाऊक आहेत ते आईच्या तोंडूनच. पण डोळे मिटत होते. उद्या सांग म्हटलं.

सोमवार, १० जून

पुन्हा तेच रडगाणं. मर्यादा पाचशेवर. हिशेबाच्या बाई एरवी डोकं खातात, आज दोन वाक्यांत उठल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी आईने गोष्ट सुरू केली. गाडी सुटली, बाबा धावत चढले, आणि ती थांबली. विसरलीस का विचारलं. तिने नाही अशी मान हलवली. ओठ हलत होते. फार दमलोय, लिहायचं अजून बरंच आहे, पण

बुधवार, १२ जून

आज शंभर. साहेब फक्त ठीक म्हणाले. कचेरीत एक जण बोलतो, बाकीचे थांबतात. खुर्च्यांच्या क्रमाने. तार जाते त्याच क्रमाने. शेवटी वर आई. मग मी.

गुरुवार, १३ जून

आईच्या मागची तार उपटली. ती पार मुकी झाली. घाबरून परत जोडली.

हा थकवा नाही. मावत नाहीये—

शुक्रवार, १४ जून

मर्यादा आपोआप घटतेय. वाढवायची कमांड दिली. गडप. कमांडच मर्यादेपेक्षा मोठी—

शनिवार, १५ जून

आईला पाळीला एकच शब्द. काल "गाडी". आज "बाबा". मग काय झालं, आई—

रविवार

भीती वाटते. पाळी येई

सोमवार

आईने गोष्ट सोडली. हात धरला. "सोन्

मंगळवार

आ