मडक्यांच्या दालनाचा बचाव

३ जून
नव्या संचालकबाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मीटिंगमध्ये म्हणाल्या, म्युझियम जिवंत झालं पाहिजे, लोकांनी बसावं, गप्पा माराव्यात, वस्तू हाताळाव्यात. हाताळायच्याच असतील तर कोपऱ्यावर भांड्यांचं दुकान आहे की. अभिरक्षक म्हणून माझी हयात 'हात लावू नये' या पाट्या लावण्यात गेली. माझ्या मडक्यांच्या दालनात म्हणे कोणी फिरकत नाही, महिनाअखेरपर्यंत गर्दी दाखवा, नाहीतर तिथे कॅफे. दाखवतोच.

५ जून, सकाळ
दोष सापडला. पाट्या त्रोटक आहेत. प्रत्येक मडक्याला सविस्तर माहिती हवी. बूड फुटलेल्या एका घागरीवर दोन पानं लिहिली. बायकोला वाचून दाखवली. म्हणाली, छान डोळा लागला. तिच्याकडून अपेक्षा नव्हतीच.

११ जून
पाट्या लागल्या. त्यांच्यामागे मडकी दिसत नाहीत. हरकत नाही, मडकी काय कोणीही बघतं.
शेजारच्या हॉलमध्ये बाईंनी मातीकामाचं वर्कशॉप मांडलंय. बाहेर रांग. म्युझियम आहे की पाळणाघर? गाढवाला गुळाची चव काय.

१६ जून
माझं व्याख्यान. श्रोते: बायको, मेहुणा आणि बाथरूम शोधत आलेले एक गृहस्थ. गृहस्थ शेवटपर्यंत बसले. दाराला मी आतून कडी घातली होती. मेहुणा घोरला. एकंदरीत प्रतिसाद उत्तम.

२१ जून
नात शाळेबरोबर आली. वाटलं, रक्ताचा गुण दिसेल. ती थेट चिखलात. स्वतः केलेलं मडकं मला द्यायला आली. मी बूड वाकडं असल्याचं निदर्शनास आणलं. तिने विचारलं, आजोबा, तुम्ही कधी केलंय का मडकं? अभ्यासक मडकी करत नसतात, असं सांगितलं. ती मडकं परत घेऊन गेली. वाईट वाटलं. दोष वर्कशॉपचा.

२९ जून
विजय! दालन राहणार. बाई स्वतः सांगायला आल्या. 'पूर्वीचं म्युझियम कसं असायचं' असं कायमचं प्रदर्शन तिथे होणार. माझी कपाटं, टेबल, पाट्या, सगळं जसंच्या तसं. म्हणाल्या, तुम्हीही हवेतच. शेवटी आल्या वठणीवर. विचार करून सांगतो म्हणालो आणि लगेच होकार दिला.

८ जुलै
तोबा गर्दी. मी मधोमध खुर्चीवर, भोवती दोरी. एका कार्ट्याने दोरीखालून येऊन माझा गाल ओढला. हात लावू नये म्हणून ओरडलो तर टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, सुंदर, अधूनमधून ओरडत जा.
दुपारी नात मैत्रिणींना घेऊन आली. माझ्या दोन पानी पाट्यांकडे एकीनेही पाहिलं नाही. खुर्चीला बाईंनी एक छोटी पाटी अडकवली आहे, ती मात्र नातीने मोठ्याने वाचून दाखवली: 'जुन्या पद्धतीचा अभिरक्षक. चालू स्थितीत. हात लावायला हरकत नाही.'
ही पाटी सगळे शेवटपर्यंत वाचतात.