दोघं इंट्रोव्हर्ट आणि एक शाखा

४ मार्च, सोमवार

आज मला इंग्रजी पदवी मिळाली! मालक एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "चष्मा झकास होईल, काळजी सोडा. पण आतले आमचे दोन्ही कारागीर – पक्के इंट्रोव्हर्ट!" दोघं म्हणजे काचवाले आणि मी. ते काचा घासतात, मी फ्रेममध्ये बसवते. तेरा महिने एकच टेबल. बोलणं? "डावी झाली." "हं." संपलं!

५ मार्च

शब्दकोश काढला. मूळ लॅटिन म्हणे. 'इंट्रो' म्हणजे आत, 'व्हर्टेरे' म्हणजे वळणं. आधी नुसतं क्रियापद होतं – मन आत वळवणं. शंभरेक वर्षांपूर्वी मानसशास्त्रवाल्यांनी ते माणसांना चिकटवलं. म्हणजे मी आत वळलेली! किती छान! आणि आई इतकी वर्षं 'घुमी' म्हणतेय. ताईला अर्थ वाचून दाखवला. म्हणाली, "आत वळलीस ते ठीक, बाहेर कधी येणार?" शहाणी!

८ मार्च

मालकांनी बॉम्बच टाकला. नवी शाखा, इथून पाच तासांवर. दोघांपैकी एकाने तिकडेच जाऊन राहायचं. "ज्याला जायचं नसेल, त्याने बुधवारपर्यंत येऊन बोलायचं." आम्हाला सांगतायत – बोला!

काचवाल्यांचे वडील अंथरुणाला खिळलेत. जेवणाच्या सुट्टीत हे धावत घरी जातात, त्यांना भरवून येतात. हेही मालकांकडून कळलं, यांनी कुठलं सांगायला! यांना जाणं कसं जमणार? पण प्राण गेला तरी तोंड उघडायचे नाहीत.

११ मार्च

चिठ्ठी लिहिली – 'मला पाठवा.' मालकांच्या खणात सारली. मग घरी येऊन न्हाणीघरात रडले. हो, आवडतात मला काचवाले! इथे लिहायला कुणाची चोरी?

१३ मार्च

घोटाळा!! खणात दोन चिठ्ठ्या निघाल्या. मजकूर तोच! मालक आम्हा दोघांसमोर हसले, "एवढा कंटाळा आलाय एकमेकांचा?" त्यांची चिठ्ठी आधीची, म्हणून तेच जाणार. सोमवारपासून. वडिलांनाही घेऊन जाणार म्हणे.

ते जाऊन काचा घासायला लागले. मीही फ्रेम उचलली. आता त्यांना वाटणार, मला ते नकोसे झालेत. आणि मी खरंच त्यांना नकोशी झालेय का? ताई भडकली. "अगं, विचार ना त्यांना!" विचार म्हणे! सोपं आहे का?

१५ मार्च

उद्याचा एकच दिवस. दिवसभर वाक्य घोकलं. "उजवी झाली," एवढंच बाहेर पडलं.

१६ मार्च, शनिवार

"तुम्ही जाऊ नका." म्हटलं! मोठ्याने!

त्यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, "तुम्हाला पाठवू नये, म्हणूनच तर टाकली होती चिठ्ठी."

तसेच दोघं मालकांपुढे जाऊन उभे राहिलो. शाखेसाठी तिसरं माणूस बघा, आम्ही दोघं इथेच राहणार, असं सांगितलं. कोणी? मी!