मडमेचे डोंगर

११ फेब्रुवारी २०२४
सकाळी सहा-वीसला बाबा गेले. भाऊ ऋषभ बायकोला, नीरजाला घेऊन रायपूरहून आला. त्यानं अग्नी दिला. दोनपर्यंत सगळं उरकलं.
शेवटचं बोलले ते काल. भिंतीकडे बोट करून – "चित्र ऋषभले दे. तुले काय समजते त्यातलं!"
चौदा वर्षं मी त्यांना उचललं, पुसलं, भरवलं.

१३ फेब्रुवारी
दुपारी चित्रासमोर बसले. इंग्लंडकडचे डोंगर, खाली तळं, काठावर नखाएवढी बाई. कोपऱ्यात १८५४. रायपूरच्या एका मडमेनं देश सोडताना आजोबांना दिलेलं. लहानपणी बाबा कडेवर घेऊन दाखवायचे – "पाण्याचा रंग आहे, पोरी. थेंब लागला का डोंगर गेला!"
त्या बाईला मी एक नाव ठेवलं होतं. कोणालाच सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी
ऋषभला म्हटलं, चित्र इथंच राहू दे ना. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं.
तो हसला. "तुले कायले पाहिजे, ताई? इतकी जुनी चीज, तुह्या भिंतीवर काजळी खाऊन राहिली."
नीरजा म्हणाली, "एकटा जीव तुमचा. देवाचं कॅलेंडर लावा तिथं."
दोघंही हसले.

१९ फेब्रुवारी
काही नाही.

२३ फेब्रुवारी
तेरवी. जेवणं झाली, पाहुणे विडा खात बसले होते. ऋषभनं चित्र उतरवलं. काच तडकलेली, म्हणून काढून ठेवली आणि खाली गाडी लावायला गेला. आत कागदावर इथल्या स्टील प्लांटची काळी धूळ. नीरजा चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली – काजळी दिसली की ओलं फडकं! इकडच्या सगळ्या बायकांचा हात तसाच चालतो.
तिनं पुसलं. डोंगर तळ्यात उतरले. तळं तिच्या बोटांवर आलं.
ऋषभनं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "अक्कल चरोद्यातच ठेवून आली का!"
"मले काय माहीत! कोनी सांगतलं का मले?"
माझ्याकडे कोणी बघितलं नाही. चित्र इथंच टाकून दोघं गेले.

२४ फेब्रुवारी
काल चित्र पुसायच्या आधी नीरजा स्वयंपाकघरात आली होती. "ताई, फडकं सुकं घेऊ का ओलं?"
"ओलं," मी म्हटलं. नळाखाली धरून, पिळून, मीच हातात दिलं.
आज ते धुतलं. निळं पाणी निघालं. दोरीवर वाळत घालून चिमटा लावला.