भोंग्यापासून पहिल्या पावलापर्यंत

मी, योगिनी दत्ताराम मयेकर, वय वर्षे ६९, अविवाहित, मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, मूळ राहणार आंजर्ले, हल्ली राहणार चिपळूण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझ्या पश्चात भांड्याकुंड्यांवरून कोणी भांडू नये, माझ्या वह्यांवरून मात्र जरूर भांडावे, एवढाच त्यामागे हेतू आहे.

माझी बुद्धी शाबूत असल्याबद्दल डॉ. गौरव रेडीज यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ही चाचणी मी बत्तीस वर्षे वर्गात शिकवली, हे त्यांना ठाऊक नव्हते. निघताना मी ते तीन शब्द त्यांना उलट्या क्रमाने सांगितले, तेव्हा ते हसले आणि शिक्का मारला.

प्रकृती ठणठणीत असताना ही घाई का, असे कोणी विचारील. मंगळवारी एक पत्र आले आहे आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पत्राचा खुलासा पुढे येईल.

कलम १. यापूर्वी सन २०१९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात माझ्या सर्व वह्या रद्दीत घालाव्यात असे मी लिहिले होते. त्या कोणी वाचणार नाही, या रागाने ते लिहिले होते. कोणाजवळ त्याची प्रत असल्यास फाडून टाकावी.

कलम २. चिपळूण येथील माझे राहते घर, तळमजला आणि परसातल्या फणसासह, माझी भाची मनस्वी महिपत मयेकर हिला मिळावे. वरचा मजला मात्र माझी विद्यार्थिनी निशिगंधा शिगवण हिला तिच्या संशोधनासाठी दहा वर्षे विनाभाडे वापरू द्यावा. मनस्वीला हे मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, मला चालेल, पण भिंतीवर कागद चिकटवायला तिला डिंक वापरू देऊ नकोस." तरी निशिगंधाने टाचण्या वापराव्यात. मृत्युपत्राची अंमलबजावणी मनस्वीनेच करावी.

कलम ३. माझी उपकरणे. मी कॉलेजात लागले तेव्हा प्रयोगशाळा मागितली. त्या वेळचे प्राचार्य म्हणाले, "मानसशास्त्राला खडू पुरेल." पुष्कळ अर्ज केल्यावर विज्ञान इमारतीच्या जिन्याखालचे एक कपाट मिळाले. त्यातली उपकरणे मी सुताराकडून, घड्याळजीकडून करून घेतली आणि काही स्वतःच्या हाताने केली. ती सर्व निशिगंधाला मिळावीत, एक सोडून.

आरशात बघून चांदणी गिरवण्याचे उपकरण प्रा. हर्षद सोमण यांना द्यावे. सोमण भौतिकशास्त्र शिकवीत. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ते मला म्हणत, "योगिनीबाई, तुमचं ते मन एकदा काट्यावर ठेवून दाखवा." मी त्यांना म्हणे, "सर, पाच मिनिटं द्या, चांदणी गिरवा, तुमचा हात तुमचं कसं ऐकत नाही ते आकड्यात दाखवते." त्यांनी कधीही पाच मिनिटे दिली नाहीत. आता ते निवृत्त आहेत आणि वेळ भरपूर आहे. सोबत एक पेन्सिल द्यावी. राग काही उरलेला नाही, पण त्यांनी किती चुका केल्या ते मनस्वीने मोजावे.

कलम ४. माझ्या वह्या. एकूण एकोणीस. या निशिगंधाच्या मालकीच्या होतील. सतरा, अठरा आणि एकोणीस क्रमांकाच्या वह्या कशा लिहिल्या गेल्या ते इथे नोंदवून ठेवते, कारण माझ्यामागे ते कोणी नीट सांगणार नाही.

माझे थोरले बंधू महिपत दत्ताराम मयेकर यांनी आयुष्यभर नद्यांच्या पाण्याची उंची मोजली. मी एम.ए.ला मानसशास्त्र घेतले, तेव्हा दादा आंजर्ल्याच्या पडवीत म्हणाला होता, "योगे, दगडाचं शास्त्र असतं, पाण्याचं असतं. मनाचं कसलं शास्त्र करणार गो तू? उद्या पावसाला विचारशील, बाबा, कसं वाटतंय?" सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य मी विसरले नाही.

२०२१ च्या मोठ्या पुरानंतर पेठेतल्या आम्ही काही जणांनी एक मंडळ काढले. दादा आंजर्ल्याहून आला आणि त्याने वाशिष्ठी नदीकाठी पाण्याची उंची दाखवणारी पट्टी बसवली, तिला यंत्र जोडले, यंत्राला भोंगा जोडला. पाणी ठरल्या रेघेवर आले की भोंगा वाजणार आणि सर्वांच्या मोबाईलवर संदेश जाणार. फेब्रुवारीतल्या एका रविवारी रंगीत तालीम घेतली. भोंगा सेकंदाचीही चूक न करता वाजला. आणि पेठ जागच्या जागी उभी राहिली. कोणी मोबाईल वर धरून चित्रण करू लागले, कोणी शेजाऱ्याकडे बघत राहिले. बांगड्यांच्या दुकानातल्या सावित्री खेडेकर मला म्हणाल्या, "बाई, तालीम आहे हे मला म्हायत होतं. तरी भोंगा वाजला नि पाय लाकडासारखे झाले. आधी काय उचलू, तेच सुचलं नाय."

दादा चिडला. "पट्टी बरोबर, भोंगा बरोबर, संदेश वेळेवर. मग ही माणसं हलली का नाहीत?"

मी म्हटले, "दादा, हा प्रश्न तुझ्या खात्यातला नाही. माझ्या खात्यातला आहे."

मला त्या क्षणी तिशीत असल्यासारखे वाटले.

निशिगंधा तेव्हा एम.ए. होऊन माझ्याकडे नुकतीच येऊ लागली होती. ती आतल्या गावातली, शेतकरी घरातली, बोलायला कमी आणि मोजायला पक्की. आम्ही दोघींनी चार वेगवेगळे संदेश तयार केले. अठ्ठेचाळीस दुकानांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून कोणाला कोणता संदेश जाईल ते ठरवले. मग पुन्हा तालीम घेतली आणि प्रत्येक दुकानात घड्याळ घेऊन एक मुलगी बसवली. भोंगा वाजल्यापासून पहिली वस्तू माळ्यावर जाईपर्यंतचा वेळ मोजायचा, बाकी काही नाही.

माझी पैज पहिल्या संदेशावर होती. "पाणी आठ फूट चढेल. जीव धोक्यात आहे." भीतीने माणूस पळतो, हे मी बत्तीस वर्षे शिकवले होते. चौथा संदेश निशिगंधाचा होता. "सगळ्यात महाग वस्तू आत्ता माळ्यावर ठेवा. मग शेजारच्या दुकानाला हाक मारा." मला तो पोरकट वाटला होता.

माझ्या संदेशाला सरासरी चौदा मिनिटे लागली. तिच्या संदेशाला पाच.

मी आकडे पुन्हा तपासले. मग आणखी एकदा. निशिगंधा शांतपणे म्हणाली, "मॅडम, तिसऱ्यांदा मोजून आकडा बदलणार नाही." मला तिचा राग आला. मग हसू आले. मग मी अठरा क्रमांकाच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिले, "माझा अंदाज चुकला." ते वाक्य लिहिताना मला जो आनंद झाला, तो सांगता येत नाही. माझ्या विषयाने मला खोटे पाडले होते, आणि तेही घड्याळ हातात धरून! ज्या विद्येत गुरूला असे खोटे पाडायची सोय आहे, ती विद्या कुठल्या इमारतीत बसवायची हा वाद मग मला फारसा उरला नाही.

वही दादाला वाचायला दिली. त्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी फोन आला. "योगे, लांबच्या टोकाच्या दुकानांना भोंगा हळू ऐकू येतो. ते अंतर तू हिशेबात धरलं नाहीस. ही चूक आहे." माझे डोळे भरून आले. चाळीस वर्षे त्याने माझ्या कामाची चेष्टा केली होती. चूक पहिल्यांदाच काढली होती. आम्ही अंतर धरून सगळे पुन्हा मांडले. तरी निशिगंधाचाच संदेश पुढे राहिला.

मागच्या पावसाळ्यात खालच्या पेठेत खरोखर पाणी शिरले. भोंगा वाजला, निशिगंधाचा संदेश गेला. सावित्रीबाईंनी काचेच्या बांगड्यांचे खोके माळ्यावर टाकले आणि रस्त्यावर येऊन ओरडल्या, "ओ शेटजी, बघताय काय, उचला!" त्यांची हाक ऐकून पुढचे सहा गाळे रिकामे झाले. पाणी गुडघ्यापर्यंत आले आणि गेले. कोणाला खरचटलेही नाही. एकोणीस क्रमांकाची वही त्याच दिवसाची आहे.

कलम ५. ते पत्र. निशिगंधाने पीएच.डी.साठी एका विश्वस्त संस्थेच्या विज्ञान व तंत्रज्ञान शाखेत पाठ्यवृत्ती मागितली होती. पहिल्या वर्षी एका ओळीत उत्तर आले, "मानसशास्त्र हा विषय सदर शाखेत समाविष्ट नाही." ती माझ्याकडे आली, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मी घरी काय सांगू? की मी शिकले ते काहीच नव्हतं?"

दुसऱ्या वर्षी अर्जासोबत दादाने आपणहून पत्र जोडले. त्याची प्रत मजजवळ आहे. "पाणी मोजणारे यंत्र मी बसवले. ते बरोबर चालते. परंतु माणूस जागचा हलेपर्यंत ते यंत्र अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग या मुलीने बांधला. त्याला तंत्रज्ञान म्हणायचे नसेल, तर माझ्या अर्ध्यालाही म्हणू नये."

मंगळवारी उत्तर आले. मंजूर. शाखा: विज्ञान व तंत्रज्ञान. निशिगंधा पत्र घेऊन एस.टी. स्टँडपासून धावत आली. तिला धड बोलता येईना, मला धड ऐकता येईना. आम्ही दोघींनी ती ओळ मोठ्याने चार वेळा वाचली. शेजारच्यांना वाटले, कोणाला तरी मुलगा झाला.

माझ्या बँकेतल्या ठेवीही याच कामी लावाव्यात. खाडीकाठच्या गावांत, मच्छीमारांच्या वस्त्यांत आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी अशा चाचण्या व्हायच्या आहेत. भोंगा ज्याला ऐकूच येत नाही त्याला काय दाखवायचे, याचा विचार माझ्या डोक्यात पहाटेपासून चालू आहे. सोमवारी आम्ही सुरुवात करतो. मध्येच मी गेले तर काम एक दिवसही थांबवू नये. सुतक मोजीत बसू नये.

कलम ६. माझ्या कपाटात अक्षरावरून स्वभाव, कपाळावरून बुद्धी आणि रंगावरून नशीब सांगणारी अकरा पुस्तके आहेत. तीही मानसशास्त्र म्हणूनच विकली जातात आणि त्यांच्यामुळेच सोमणांसारख्यांचे फावते. ती जाळू नयेत. कॉलेजात द्यावीत आणि प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगावे की यातले एक विधान निवडा आणि तपासून आणा.

कलम ७. आंजर्ल्याच्या हापूसच्या बागेतला माझा हिस्सा मी दादाच्या नावे लिहिला होता. वकिलांनी सांगितले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार न होणे बरे. दादा लगेच म्हणाला, "मग बाग मनस्वीला दे. मला सही करायची आहे."

मी म्हटले, "अरे, कोणीही सही करील. बागेवर पाणी कशाला सोडतोस?"

तो म्हणाला, "साक्षीदार म्हणजे ज्याने डोळ्यांनी बघितलं तो ना? मी उशिरा बघितलं, योगे. पण बघितलं. ते कागदावर राहू दे."

म्हणून बागेतला माझा हिस्सा मनस्वीस. माझ्या बंधूंस या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही.

ठिकाण: चिपळूण, जिल्हा रत्नागिरी
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

(सही) योगिनी दत्ताराम मयेकर

वरील मजकूर योगिनी दत्ताराम मयेकर यांनी स्वतः वाचून, आम्हा दोघांच्या समक्ष सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर, समजून-उमजून बोलणाऱ्या आणि, साक्षीदार क्रमांक एक यांच्या आग्रहावरून नमूद करण्यात येते की, अतिशय आनंदात होत्या.

साक्षीदार
१. (सही) महिपत दत्ताराम मयेकर, वय ७४, राहणार आंजर्ले, तालुका दापोली
२. (सही) सावित्री विठू खेडेकर, वय ५८, राहणार चिपळूण