निखिलने बर्फ काढला

मंगळवार, संध्याकाळ. रीडिंग, इंग्लंड.

बर्फ पडल्या पडल्या मीच गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, कुणी बर्फ काढू नका, साफ केलेल्या जागी कोणी घसरलं तर केस साफ करणाऱ्यावर होते. शेजारच्या निखिलने थम्ब्ज-अप टाकला आणि फावडं घेऊन निघाला! अख्खी गल्ली साफ केली, पार आमच्या दारापर्यंत. वर आमच्या बाईसाहेबांनी त्याला आल्याचा चहा नेऊन दिला, तोही माझ्या निळ्या मगमध्ये.

"उद्या कोणी पडलं की कळेल त्याला," मी म्हटलं.

"लायबिलिटीचं तू बघ," ती म्हणाली. "त्याचे हात गारठले होते."

दिवसभर लॅपटॉप घेऊन खिडकीशीच बसलो. कोणीतरी घसरावं असं वाटत होतं का मला? हो, थोडंसं. फार लागू नये, एवढंच. कोणीही घसरलं नाही.

मघाशी बेल वाजली. समोरच्या मार्गारेट आजी, काठी टेकत, हातात केक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारी! मी हसून हात पुढे केला.

"निखिल घरी नाहीये," त्या म्हणाल्या. "त्याला द्याल ना?"

केक ओट्यावर ठेवलाय. शेजारी माझा निळा मग, त्याने सकाळीच घासून परत दिलेला. इतका लख्ख तो माझ्या हातून कधी निघाला नाही.